तात्या परत येतोय, पण घाबरायला लक्ष्या कुठून आणणार?

पडद्यामागचा_पोऱ्या

मंडळी, झपाटलेला पिक्चरचा तिसरा भाग येणार हे एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलंच असेल. तोच तो, ज्यात तात्या विंचू नावाच्या गुंडाचा जीव मंत्राने बाहुल्यात शिरतो आणि तो लक्ष्याच्या, म्हणजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेच्या, मागे लागतो. घोषणा झाल्यापासून माझं डोकं त्यातच अडकलंय, बायको म्हणते तुझ्याच अंगात शिरलाय तो. ऑफिसात विषय काढून बघितला तर निम्मी पोरं 2000 नंतर जन्मलेली, त्यांना तात्या म्हटलं की एक तर मीम आठवतं नाहीतर अमेरिकेतला तात्या, म्हणजे ट्रम्प. म्हणून इथे विचारतोय.

आधी माझं सांगतो, म्हणजे हा माणूस एका बाहुल्यासाठी एवढा का रडतोय ते कळेल. 1993 साली पिक्चर आला तेव्हा मी सहा वर्षांचा. थिएटरात काही नेलं नाही कोणी. पुढच्या वर्षी गणपतीत मंडळाने दोन बांबूंच्या मधे पडदा बांधला रस्त्यावर, तेव्हा बघितला. पुढे बायाबापड्यांनी संध्याकाळीच चटया टाकून जागा धरलेल्या, म्हणून आम्ही चारपाच पोरं पडद्याच्या मागच्या बाजूला पोतं अंथरून बसलो. ज्यांनी असा पिक्चर बघितलाय त्यांना माहितीये, मागून सगळं उलटं दिसतं. नावं उलटी, पिस्तूल डाव्या हातात, शर्टाचा खिसा भलतीकडे. पुढे काही वर्षांनी टीव्हीवर लागला तेव्हा मला सारखं वाटत होतं की प्रिंट चुकलीय, तात्या चुकीच्या बाजूने येतोय. माझ्या डोक्यातला तात्या अजून उलट्या बाजूनेच येतो.

आता मुद्दा. इतक्या वेळा बघून माझ्या लक्षात आलंय की मला त्या बाहुल्याची भीती वाटलीच नव्हती कधी. बाहुला काय, नुसता पडून असतो, बटबटीत डोळे, जबडा खालीवर. भीती सगळी लक्ष्याच्या तोंडावर होती. आधी डोळे मोठे होणार, मग हसल्यासारखं करणार, कारण अजून त्याला वाटतंय की आपल्याला भास झाला, मग ते हसू तोंडावरच वाळणार आणि त-त-प-प सुरू. आणि सांगणार कोणाला, ऐकतं कोण! आई ऐकत नाही, पोलीस ऐकत नाहीत. आम्ही पोतं गच्च धरून बसलेलो ते त्या माणसाकडे बघून. आणि तोच माणूस दुसऱ्या मिनिटाला हसवत होता, हे कसं करायचा देव जाणे.

2013 च्या दुसऱ्या भागात लक्ष्या नव्हता, कारण 2004 च्या डिसेंबरात तो गेला. आदिनाथ कोठारे लक्ष्याच्या मुलाच्या कामात होता, थ्रीडी होतं, तात्या होता, दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता. मी पहिल्याच दिवशी गेलो, वाईट नव्हता, पण घरी आल्यावर रात्री पाणी प्यायला उठताना लाइट लावावा लागला नाही. बास, एवढंच माझं मोजमाप आहे.

आणि आता चर्चा आहे की तिसऱ्यात लक्ष्याला एआयने आणायचं. हे ऐकल्यापासून मला धड आनंदही होत नाहीये आणि धड रागही येत नाहीये. लक्ष्या पडद्यावर परत दिसणार म्हटल्यावर पोटात एकदम काहीतरी होतं, खोटं कशाला बोलू. पण तो घाबरणार कसा? म्हणजे कॉम्प्युटरला तो वाळत जाणारा हसरा चेहरा जमणार का? तुम्हाला काय वाटतं? आणि अजून एक, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्याला पहिला भाग आधी दाखवू की डायरेक्ट नवीन?

रंकाळा_भडंग

भावा किती विचार करतोयस, पिक्चर आहे तो, यूपीएससीचा पेपर नव्हे 😄

दुसरा भाग मी पण बघितला थ्रीडीत. मला नंबरचा चष्मा आहे, त्यावर तो थ्रीडीचा चष्मा, दोन्ही नाकावरून घसरायचे, एका हाताने दोन चष्मे धरलेत आणि दुसऱ्या हातात पॉपकॉर्न, तात्या अंगावर आला तेव्हा पॉपकॉर्न शेजारच्या काकांच्या मांडीवर. घाबरलो की नाही मग?

सिरियसली सांगायचं तर तू सात वर्षांचा होतास, रात्र होती, रस्ता होता, पोत्यावर बसला होतास. त्या वयात मी धडाकेबाजमधल्या कवट्या महाकाळला पण टरकायचो, आता बघितला की हसू येतं. पिक्चर बदलला नाही लेका, आपण टकले झालो. तिसरा कितीही भारी काढला तरी तू म्हणणार पहिल्यासारखा नाही. मग दिग्दर्शक महेश कोठारेंनी करायचं काय? घरात बसायचं?

मुलाला डायरेक्ट नवीन दाखव. त्याचा तात्या त्याला मिळू दे.

बोलकी_भावली

मी शाळांमधून बोलक्या बाहुल्यांचे कार्यक्रम करते, छोटे छोटेच, वाढदिवस वगैरे पण. त्यामुळे या विषयावर गप्प बसणं मला शक्य नाही, मोठं झालं तर माफ करा.

पहिल्या भागातला तात्या रामदास पाध्ये सरांनी बनवला आणि त्यांनीच हलवला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यांचा तो बोलका बाहुला अर्धवटराव त्यांच्या वडिलांकडून, य. के. पाध्यांकडून आलेला, म्हणजे या घराण्याचा हात बाहुलीत किती मुरलाय बघा. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आमच्या धंद्यात सगळ्यात त्रासदायक अक्षरं कुठली, तर प फ ब भ म. कारण ती ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत आणि आम्हाला तर ओठ हलवायचे नसतात. मग आम्ही चोरवाट काढतो, प च्या जागी त च्या जवळपासचं काहीतरी, ब ला द, म ला न, आणि इतक्या झटक्यात पुढे जायचं की ऐकणाऱ्याचा कान आपोआप दुरुस्ती करून घेतो. मी सुरुवातीला आरशासमोर बसून "बाबा बाबा" म्हणायची तर आई म्हणाली दादाला का हाका मारतेयस.

आता तात्याचा मंत्र बघा. ओम फट स्वाहा. पहिल्या दोन शब्दांत म आणि फ! शब्दभ्रमवाल्याचा जीव घेणारा मंत्र आहे हा. सिनेमात अर्थात तसा प्रश्न नव्हता, आवाज दिलीप प्रभावळकरांचा, त्यामुळे मंत्र खणखणीत ऐकू येतो. पण बाहुल्याला ओठ कुठे आहेत? त्याचा नुसता जबडा खालीवर होतो. म्हणजे कानाला स्वच्छ "ओम फट" आणि डोळ्याला मात्र न मिटणारं तोंड. हे दोन जुळत नाहीत आणि तिथे पाठीतून काहीतरी सरकत जातं. मला तरी तात्याची भीती त्या न मिटणाऱ्या तोंडाची वाटते.

म्हणून माझी काळजी लक्ष्यापेक्षा तात्याची आहे. कॉम्प्युटरवर केला तर कोणीतरी हुशार मुलगा त्याला व्यवस्थित ओठ देणार, भुवया हलवणार, गालावर सुरकुत्या देणार, प्रत्येक म ला तोंड मिटवणार. आणि मग तो बाहुला राहणारच नाही, कार्टून होईल. लाकूड लाकडासारखं दिसू द्या एवढीच हात जोडून विनंती. त्याचा थोडा अडखळता हात, मान वळताना लागणारा तो एक क्षण जास्तीचा वेळ, ते काढू नका.

न्यूजर्सीचा_बंड्या

बोलकी_भावली ताई, एक नंबर. याला जोडून सांगतो.

इकडे तात्याचा थोरला भाऊ म्हणजे चकी. 1988 चा चाइल्ड्स प्ले, आणि झपाटलेलाची कल्पना तिथली हे काही गुपित नाही, गुंडाचा जीव बाहुलीत वगैरे. इकडच्या मित्रांना मी झपाटलेला दाखवला तर ते आधी हसले की कॉपी आहे म्हणून, आणि मग मधेच गप्प झाले. कारण एक फरक आहे जो मला स्वतःला पण त्या दिवशीच कळला. चकी दुकानातली बॅटरीवर बोलणारी बाहुली आहे, त्यात सगळ्यात भारी सीन कुठला तर आईला कळतं की बॅटरी खोक्यातच पडल्यात, घातल्याच नव्हत्या. आपल्याकडे लक्ष्यालाच बोलक्या बाहुल्यांचा नाद! म्हणजे बाहुला बोलला तरी लोक म्हणणार हाच बोलतोय, छान जमतंय रे तुला. बॅटरी तपासायची सोयच नाही. बिचाऱ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याची तजवीज लेखकाने त्याच्या हौसेतच करून ठेवलीय. याला कॉपी म्हणत असाल तर असू दे, माझ्या मते हे मूळ कल्पनेपेक्षा सरस आहे.

आता चकीचं पुढे काय झालं ते ऐका, आपल्याला उपयोगी आहे. 2019 ला त्यांनी सगळं नव्याने केलं, आवाज बदलला, मार्क हॅमिल म्हणजे काही लहान नाव नाही, आणि बाहुलीत भूत नाही तर बिघडलेलं सॉफ्टवेअर दाखवलं. बघितला, विसरलो. आणि मग 2021 पासून टीव्हीवर सिरीज काढली त्यात जुनाच आवाज, ब्रॅड डूरिफचा, 1988 पासूनचा, आणि बाहुली पण खरीखुरी, माणसांनी चालवलेली. ती तीन सीझन चालली. मी एवढंच म्हणतोय की आवाज आणि लाकूड ही दोन माणसं सोडू नका. (लाकूड माणूस झालं बघा माझं, असो.)

सौ_ठाणे_पश्चिम

अरे बाळांनो, मी हा सिनेमा थिएटरात बघितलाय, तेव्हा, 93 सालीच. मांडीवर तीन वर्षांचा मुलगा. आजूबाजूची पोरं भोकाड पसरतायत आणि हा माझा पठ्ठ्या मंत्र आला की टाळ्या वाजवतोय. घरी येऊन आठवडाभर आजोबांच्या छातीवर बसून ओम फट. आजोबा रामरक्षा म्हणणारे, त्यांना कळेना हे काय नवीन.

मला एकाच गोष्टीची धाकधूक. प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडली आता. आमच्यासाठी ते आधी चिमणराव, दूरदर्शनवरचे, नाकासमोर चालणारे गरीब बिचारे. तोच माणूस तात्या विंचू म्हणून गुरगुरला तेव्हा आमच्या सासूबाईंना पटेना, म्हणाल्या चिमणरावाला कोणी बिघडवलं. आणि मग 2006 ला तेच हिंदीत गांधीजी. एका गळ्यात किती माणसं असावीत! त्यामुळे लवकर करा म्हणावं जे काय करायचंय ते. घोषणा करून वर्षानुवर्षं थांबायला ही माणसं काही बाहुले नाहीत. पहिल्या भागात बाबा चमत्कारचं काम करणारे राघवेंद्र कडकोळ 2021 ला गेले, विजय चव्हाण त्याच्याही आधी 2018 ला. पहिल्या भागाचं पोस्टर बघायला घेतलं की मी हल्ली मोजायलाच लागते.

मुलाला पहिला दाखव. जेवण झाल्यावर नको, दुपारी दाखव.

वऱ्हाडी_ठेचा

सगळ्यांचं वाचलं, बरं लिहून राहिले तुम्ही. पण मूळ गोष्ट कोनीच बोलून नाही राहिलं बावा.

मेलेल्या मानसाचा जीव दुसऱ्याच कशात तरी घालाचा अन् त्याले बोलाले लावाचं, हे कोन करते? तात्या विंचू करते! मृत्युंजय मंत्र तोच तं आहे. मंग लक्ष्याचा चेहरा कॉम्प्युटरमधी घालून त्याच्या तोंडून नवे डायलॉग बोलवून घ्याचे म्हनजे काय होऊन राहिलं? आपनच तात्या झालो ना बे. निस्तं ओम फट स्वाहा म्हनाचं बाकी राहिलं.

मी लक्ष्याचा कट्टर फॅन हाव, माह्या पानठेल्यावर त्याचा फोटो आहे अजून, दिवाळीले हार बी घालतो. पन म्हनूनच सांगतो, त्याले झोपू द्या. घरच्यांनी परवानगी देली तरी मले पटनार नाही, तसा माह्या पटन्याले कोन विचारते म्हना. अन् आनाचंच असन तं त्याच्या पोराले, अभिनयले आना, पोरगा चांगला आहे, 2017 पासून काम करून राहिला. दोन मिंटं जरी तो त्या बाहुल्यासमोर उभा राहिला तरी सगळं थेटर रडन. त्याले काही कॉम्प्युटर लागत नाही.

रंकाळा_भडंग

ठेचा भाऊ 🙏 हे मात्र आरपार गेलं. "आपणच तात्या झालो" हे मी शर्टावर छापून घेणार.

पण कोठारेंच्या बाजूने पण कोणीतरी बोला की. या माणसाला नवीन तंत्राची हौस काय आजची नाही. धडाकेबाज 1990 ला सिनेमास्कोप केला, मराठीत तोवर कोणी केला नव्हता. 2013 ला थ्रीडी. छोट्या बजेटात बाहुला पळवून दाखवला 93 ला, तेव्हा पण लोक म्हणाले असतील की हे मराठीत कुठे जमणार. तेव्हा हात आखडता घेतला असता तर आज आपण कशावर भांडलो असतो? प्रयोग करायला घाबरला नाही म्हणून तर तात्या जन्मला. डॅम इट.

न्यूजर्सीचा_बंड्या

भडंग, मान्य, पण तेव्हाचं तंत्र गोष्टीसाठी आणलेलं. बाहुला पळवायचाय, मग कसा पळवायचा, असं. आता आधी तंत्र हातात आहे आणि मग त्यासाठी गोष्ट शोधतायत असं होऊ नये, एवढंच. नवरा माझा नवसाचा चा दुसरा भाग 2024 ला आला, पहिल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यात एसटीच्या जागी ट्रेन आली. मला मजा आली, आईबाबांसोबत बघितला, पण एसटीत माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि निम्मी गंमत त्या अडचणीत होती. ट्रेनमधे जागा जास्त असते.

बोलकी_भावली

"ट्रेनमधे जागा जास्त असते" 😂 अगदी. बाहुलीचं पण तेच, जेवढं कमी हलतं तेवढं लोक बघतात.

ठेचा दादा, तुमचं वाचून मी जरा गप्पच झाले होते. पण एक मनात आलं ते लिहिते. आमच्याकडे बाहुली बोलते तेव्हा मागे कोण आहे ते सगळ्यांना दिसत असतं. माणूस शेजारीच बसलेला असतो, मुलांनाही माहीत असतं की मावशीच बोलतेय, तरी ती उत्तर बाहुलीलाच देतात. तो खेळ आहे, फसवणूक नाही. लक्ष्याच्या बाबतीत मागे कोण बसलंय ते दिसणार नाही, हे मला खुपतंय. त्याचं एखादं जुनं दृश्य तसंच्या तसं दाखवलं, भिंतीवरचा फोटो असो, जुनी कॅसेट असो, तर मी पहिल्या रांगेत बसून रडायला तयार आहे.

पडद्यामागचा_पोऱ्या

बाप रे, एका दिवसात एवढं. सगळ्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही, पण ठेचा भाऊंची पोस्ट बायकोला मोठ्याने वाचून दाखवली, ती पण कांदा चिरता चिरता थांबली. माझं मत आता पक्कं झालंय, एआयचा लक्ष्या नको. म्हणजे त्यांनी केलाच तर मी बघायला जाणार नाही असं नाही हां, जाणारच, पहिल्या दिवशी जाणार, स्वतःला ओळखतो मी. आणि दिसला की डोळ्यात पाणी पण येणार, आणि मग त्या पाण्याचाच राग येणार.

भडंग, तू म्हणतोस आपण टकले झालो, बरोबर आहे, पण काल एक गंमत झाली.

सौ_ठाणे काकूंचं ऐकून पहिला भाग लावला दुपारी, रविवारच होता. मुलगा पहिली वीस मिनिटं चुळबुळ करत होता, रंग कसला आहे, आवाज कसला आहे, बाबा हे इतकं हळू का चाललंय. बाहुला आला तर हसला. म्हणाला याच्यापेक्षा माझ्या गेममधला डेंजर आहे. मी गप्प. पण मग लक्ष्या घाबरायला लागला तसा हा सोफ्यावरून सरकत सरकत माझ्या बाजूला. मला म्हणतो, बाबा या काकांना कोणीच का मदत करत नाहीये? मी म्हटलं अरे इन्स्पेक्टर महेश जाधव येतील. तर म्हणे केव्हा? शेवटी मांडीवर उशी घेऊन बसला आणि उशीचा कोपरा तोंडात. मी तिकडेच बघत होतो, टीव्हीकडे नाही.

आणि आता हे कोणाला सांगू नका. मुलगा इतका चिकटला होता की मला टीव्ही नीट दिसेना, मान वळवली तर समोर कपाट, त्याला मोठा आरसा. त्यात टीव्ही दिसत होता. अक्षरं उलटी, पिस्तूल डाव्या हातात. तीस वर्षांनी माझा तात्या बरोबर बाजूने आला. उरलेला पिक्चर मी आरशातच बघितला.

रात्री मुलगा पाणी प्यायला उठला. लाइट लावून गेला.

रंकाळा_भडंग

चला, एक गिऱ्हाईक वाढलं तात्याचं. तिसरा लागला की कोल्हापूरला या दोघं, तिकीट माझ्याकडून. फक्त मल्टिप्लेक्सवाल्याला पडद्याच्या मागे पोतं टाकू का म्हणून विचारू नकोस.

वऱ्हाडी_ठेचा

विचार बावा विचार. मी येतो पोतं घेऊन.